रुळांवरचा काळा थर

नव्वदच्या दशकात आम्ही शारजाला राहत होतो, आणि माझ्या नवऱ्याला खेळण्यातल्या आगगाडीचं वेड लागलं होतं. खेळणं म्हटलेलं त्याला खपायचं नाही, मॉडेल म्हणायचं. तर त्या मॉडेलच्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते, आणि रुळांवर काळा थर चढला की ते आचके देत थांबतं. थर पुसायला स्पिरिट लागतं. पण शारजात दारूबंदी, आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोल! फार्मसीत जाऊन मागायची नवऱ्याची छाती होईना. "अगं, व्हिसा कॅन्सल करतील. खलास!" म्हणायचा. मी त्याला हसायचे, पण विचारायला मीही कधी गेले नाही. परक्या मुलखात अशी भीती एकाची दुसऱ्याला लागतेच.

मग सुरू झाले प्रयोग. व्हिनेगरने रूळ हिरवट पडले. आफ्टरशेव्हने चिकट झाले, वर घरभर सलूनचा वास. मी म्हटलं, "पोरीच्या दप्तरातलं खोडरबर घे आणि घास." त्याने रूळ खरंच लख्ख निघायचे, पण साहेबांना धीर कुठाय! शेवटी ऑफिसातल्या कुणीतरी त्याला लायटरमध्ये भरायच्या पेट्रोलचा डबा दिला. तो डबा घरात आला आणि माझी झोप उडाली. घरात सात वर्षांची पोर, आणि कपाटात पेट्रोल. "आधी ते बाहेर टाक," मी रोज म्हणायचे. "तू पण ना, उगाच घाबरतेस," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्या वर्षी गणपतीच्या आराशीत त्याने गाडी मांडली. थर्मोकोलचा डोंगर, डोंगरात बोगदा, आणि मूर्तीभोवती फिरणारी गाडी. ऐन आरतीच्या तोंडावर इंजिन बोगद्यात अडलं. यल्ला, यल्ला, म्हणजे तिकडच्या भाषेत चला, चला, करत त्याने पेट्रोलात भिजवलेलं फडकं रुळांवरून फिरवलं. मी स्वयंपाकघरात नैवेद्याचं ताट वाढत होते, मला पत्ताच नाही. निरांजन विझू नये म्हणून एसी बंद, आणि घंटेचा आवाज शेजारी जाऊ नये म्हणून खिडक्या बंद. आमच्याकडे दरवर्षी असंच असायचं. उदबत्त्यांच्या धुरात मला पेट्रोलचा वास आलाच नाही.

आरतीचं तबक लेकीने हट्टाने हातात घेतलं. नवं रेशमी परकर-पोलकं घालून मिरवत होती नुसती. आरती सुरू झाली, नवऱ्याने गाडीचं बटण दाबलं. गाडी बघायला ती तबकासकट बोगद्यापाशी वाकली, आणि भक्कन जाळ झाला.

आई गं! तिच्या परकराचा काठ पेटला होता. मी तिला खाली पाडलं, सतरंजी तिच्यावर टाकली आणि वरून मी पडले. ती माझ्या अंगाखाली हलत नव्हती. गेली की काय माझी पोर, एवढंच डोक्यात. नवऱ्याने पेटता डोंगर नुसत्या हातांनी उचलला, बाथरूममध्ये नेऊन टाकला आणि शॉवर सोडला.

मी भीत भीत सतरंजी काढली. ती डोळे सताड उघडे ठेवून पडली होती. एक पोटरी भाजली होती, पुढचे केस होरपळले होते. जीव होता! तिला उचलून नळापाशी नेलं आणि पायावर गार पाणी सोडलं. पाणी सगळीकडे उडत होतं. ती मात्र रडत नव्हती, तेच मला बघवेना.

आमच्या मराठीला ती नेहमी इंग्रजीतूनच उत्तर द्यायची. "आई," ती म्हणाली, "डिड आय बर्न बाप्पा?"

नवरा दारात उभा होता. तळहातांवर फोड आले होते. तो तिच्यापुढे ओल्या फरशीवर बसला. "नाही गं बाळा, तू काहीच केलं नाहीस. बाबाचं चुकलं. सगळं बाबाने केलं."

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बट आय वॉज होल्डिंग द फायर," ती म्हणाली.