गोड द्राक्षांनी बिघडवलेली वाइन

लग्नाच्या वाढदिवसासाठी मिलिंदने, म्हणजे नवऱ्याने, कोपरगावजवळच्या एका द्राक्षबागेत मुक्काम ठरवला. जाहिरातीत ‘हस्तनिर्मित स्पार्कलिंग वाइन’ असं लिहिलं होतं. बाकीचे काय पायाने करतात का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "निघायच्या आधीच नावं ठेवू नकोस." मला नावं ठेवायला आवडतं हे इथेच कबूल करते, पुढचं वाचताना तेवढं वजा करा.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी नगरहून निघालो. रस्त्याचा अर्धा भाग खड्ड्यांचा आहे आणि उरलेला खड्डे बुजवल्याचा. दुसरा जास्त हाडं खिळखिळी करतो. त्यात उसाचा हंगाम, पुढे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. साडेतीन तास धरून चाला. बाभळेश्वरच्या अलीकडे एका टपरीवर मिसळ खाल्ली. दोन दिवसांत ज्या चवीबद्दल कुणी भाषण दिलं नाही, ती तेवढीच.

बागेचा मालक संदीप, पस्तिशीतला, पुण्यातली नोकरी सोडून आलेला. आम्हा आठ पाहुण्यांना त्याने गवती टोप्या दिल्या आणि टबात उतरवून द्राक्षं तुडवायला लावली. माणशी सहाशे रुपये.

"याच रसाची वाइन होते का?" मी विचारलं.

"नाही मॅडम. हे फोटोसाठी."

निदान खरं बोलला. फोटो सगळ्यांनी काढले. मीही काढला.

वाइन ठेवायची खोली हायवेलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे, थंड आणि अंधारी. तिथे मात्र संदीप वेगळाच माणूस झाला. लाकडी फळ्यांच्या भोकांत बाटल्या मान खाली करून अडकवल्या होत्या. तयार वाइनमध्ये पुन्हा यीस्ट आणि साखर घालून बाटली बंद करायची, म्हणजे बुडबुडे आतच तयार होतात. मग रोज थोडी थोडी फिरवून गाळ मानेशी आणायचा. बोलता बोलता, न बघता, तो दोन्ही हातांनी बाटल्या फिरवत होता. "शार्दोने जातीच्या द्राक्षाने वाइनला अंग येतं," तो म्हणाला, "पण माझी सगळी शेनिन ब्लां जात आहे. ही आंबट असतानाच तोडायची, तर तरतरी येते. पिकू दिली तर कितीही फेस असो, वाइन मरगळते."

मग चव. पत्रकात लिहिलं होतं, ‘हिरवं सफरचंद, भाजलेला पाव, पहाटेचं दव’. दव! मला लागलं काळं पडलेलं केळं, वर सोडा ओतलेला. ते मी मोठ्याने सांगितलं. दोघं-तिघं हसले. संदीपचा चेहरा उतरला आणि मिलिंदने टेबलाखालून माझा पाय दाबला.

जेवताना (पिठलं-भाकरी, उत्तम) संदीप आमच्याजवळ येऊन बसला.

"मॅडम, बरोबर बोललात. गेल्या वर्षी तोडणी बारा दिवस उशिरा झाली. अण्णांनी हातच लावू दिला नाही."

अण्णा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. घरची जमीन तेच बघतात. खायची द्राक्षं पिकवण्यात त्यांची हयात गेली, आणि गोडीसाठी पंचक्रोशीत त्यांचं नाव. आंबट माल तोडला तर गावात तोंड कसं दाखवू, हा त्यांचा प्रश्न. "उद्या सकाळी तोडणी आहे. या खेपेलाही वाइन फसली, तर पाऊण एकर शेनिन उपटून खायची थॉमसन द्राक्षं लावणार म्हणालेत."

मला माझं केळं आठवून कसंतरी झालं. पण पत्रकातलं दव त्यानेच लिहिलं होतं, हेही खरं.

सकाळी सात वाजता बागेत पोचलो. तोडणीच्या बायकांचे हात भराभर चालले होते. आम्ही हौशी एकेका घडाचं कौतुक करत होतो. दोन-तीन क्रेट भरले, तोच अण्णा मोटारसायकलवरून आले. माकडटोपी, वर मफलर. क्रेटमधला एक मणी चावला आणि थुंकला.

"संद्या, हे काय लावलंय? पाखरू तोंड लावायचं न्हाई याला. आठ दिस थांब."

"अण्णा, आंबटच पाहिजे..."

"आंबट पायजे म्हनं! लोकं इचारतील, यांना द्राक्ष पिकवाया येत न्हाई का?"

कात्र्या थांबल्या. संदीप पाहुण्यांसमोर थोरल्या भावाशी वाद घालणार नव्हता. अण्णा माझ्याकडे वळले. कालचं त्यांच्या कानावर गेलं असावं.

"ताई, तुमीच नावं ठिवली म्हनं काल. सांगा, कशी हुती?"

चांगली होती म्हटलं असतं, तर संदीपची चारचौघांत लाज राहिली असती, पण अण्णांचं उशिरा तोडणंच बरोबर ठरून तोडणी थांबली असती.

"वाईट होती," मी म्हणाले. "आणि ती तुम्ही पिकू दिलेल्या द्राक्षांची होती."

"म्हंजी माज्या गोडीनं बिघडली?"

"हो."

"घ्या!" एक बाई म्हणाली. "अण्णांची गोडी बाधली की वं!"

सगळ्या हसल्या. अण्णा हसले नाहीत. ओळीच्या टोकापर्यंत गेले, आणखी एक मणी खाल्ला, एक डोळा मिटला, परत आले.

"तोडा. पन टेम्पोवर ताडपत्री टाका. गावातून जाताना कुनाला दिसाया नको."

तासाभरात तो टेम्पो चोरीचा माल असल्यासारखा गच्च झाकून गावातून शेडकडे गेला.

तुम्ही जाणार असाल तर टबात उतरू नका, पत्रक वाचू नका. तोडणीच्या दिवसांत जा आणि वेलीवरचा एक आंबट मणी खा. सबंध मुक्कामात तेवढंच पत्रकाबरहुकूम लागतं. दोघांचे राहून-खाऊन साडेचार हजार झाले.

घरी आल्यापासून एक गोष्ट छळते आहे. मी खरं बोलले, पण बोलताना मला मजा आली. शिवाय मला वाइनमधलं फारसं कळत नाही. संदीपने सांगितलं तेच मी अण्णांना ऐकवलं, स्वतःचं असल्यासारखं. निघताना अण्णा म्हणाले होते, "ह्या मालाची बाटली उघडूपर्यंत एक वेल उपटत न्हाई. पुढचं पुढं." उघडायला जवळजवळ वर्ष लागेल. तीही बेचव निघाली, तर वेली अण्णा उपटतील. पण त्या दिवशी त्यांनी ऐकलं होतं ते माझं.