आत्याचा पुढचा दात

माझी आत्या जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायची आणि काम करताना तोंडात बारीक खिळे धरायची. एका हाताने कापड ताणलेलं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायला तिसरी जागा तोंडच. जिभेने एकेक खिळा पुढच्या दातांमागे आणायचा आणि ओठांतून जरासा बाहेर काढायचा. हातोडीचं एक टोक लोहचुंबकाचं होतं, ते ओठांशी नेलं की खिळा चिकटायचा. मी किती वर्षं बघत होते, तरी तिने हातोडी ओठांशी नेली की माझे डोळे आपोआप मिटायचे.

त्याच पुढच्या दातांपैकी वरचा एक अचानक ठणकायला लागला. हिरडीवर फोड आला, ओठ सुजून वर चढला. माझे बाबा म्हणजे तिचा मोठा भाऊ. घरातलं सगळं तेच ठरवतात. त्यांनी लगेच निकाल दिला, की या वयात दाताचे लाड कशाला, काढून टाकायचा आणि त्या निमित्ताने तिचं दुकानही बंद करायचं. आत्याला काळजी दिसण्याची नव्हती. तो दात गेला तर खिळे अडवणार कोण? जिभेवरून एखादा सरळ घशात. दात गेला तर काम गेलं, एवढं साधं होतं ते. बाबांनाही ते ठाऊक होतं, म्हणून तर त्यांना तो दात इतका खुपत होता.

आत्या माझ्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात गेली. दाताचे डॉक्टर तरुण, हसतमुख, आणि तिला 'आजी' म्हणणारे. तिथेच तिचं डोकं फिरलं होतं. त्यांनी रूट कॅनॉल सुरू केलं. दाताला मागून भोक पाडून आतला पू काढला, औषध भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा या, तोवर या दाताने कडक काही खायचं नाही, असं बजावलं.

आत्याने ते अक्षरशः पाळलं. चपातीसुद्धा दुधात बुडवून खाल्ली. पण दोनच दिवसांत ठणका थांबला, आणि एका हॉटेलच्या खुर्च्या दुकानात तशाच पडून होत्या. खिळे काही कोणी खात नाही, हा तिचा हिशेब. तिने मूठभर खिळे तोंडात टाकले आणि कामाला बसली. दुपारी ती माझ्यापुढे आ वासून उभी राहिली. सिमेंट केव्हाच निघून गेलं होतं आणि दाताच्या मागच्या भोकात एक खिळा टोकाकडून रुतून बसला होता.

मला हसू आवरेना. बाबा आधी हसले, मग भडकले, आणि या वेळी स्वतः दवाखान्यात आले.

डॉक्टरांनी भूल दिली, एक्स-रे काढला. दातात लाळ जाऊ नये म्हणून त्याच्याभोवती क्लिप लावून निळं रबर ताणून बसवलं आणि चिमट्याने अलगद खिळा काढला. मूळ तडकलं नव्हतं. आता दोन मार्ग होते. पुन्हा सगळं साफ करून काम पुरं करायचं, त्याला आणखी खेपा लागतील आणि दात थोडा नाजूकच राहील. नाहीतर आत्ताच काढून मोकळं व्हायचं. हे सगळं ते आत्याच्या उघड्या तोंडावरून पलीकडे उभ्या असलेल्या बाबांना सांगत होते.

"मग काका, काय करू या?"

"काढून टाका," बाबा म्हणाले. "तिचं ते दुकानही बंदच करतोय मी."

आत्याचा हात वर आला आणि तिने क्लिपसकट ते रबर ओढून काढलं. हिरडीतून रक्त आलं. ओठ बधिर होता, बोलताना लाळ गळत होती, पण हसायची हिंमत कोणाची झाली नाही.

"दात कोणाचा आहे?"

"तुमचाच, आजी."

"मग काकांना काय विचारता? आणि आजी म्हणू नका. मला नातवंडं नाहीत." मग ती बाबांकडे वळली. "दादा, माझं शिक्षण तू थांबवलंस. माझं ठरलेलं लग्न तू मोडलंस. तेव्हा मी तोंड उघडलं नाही. हा दात मात्र राहणार. तू बाहेर बस."

बाबांना कोणी 'बाहेर बस' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते गेले. खरं सांगते, मला भीती वाटली आणि आनंदही झाला.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसले आणि सगळं पहिल्यापासून तिला सांगितलं. शेवटी दातावर कॅप बसली तरी या दाताशी खिळे आणायचे नाहीत, असंही म्हणाले. आत्या म्हणाली, मग डावीकडच्या दातांशी आणीन, सवय करीन. डॉक्टर म्हणाले, मी तशी परवानगी देऊ शकत नाही. ती म्हणाली, परवानगी मागत नाहीये, कळवतेय. त्यावर ते हसले आणि नवीन रबर काढलं.

त्या दिवसाचं काम झाल्यावर हिरडीचं रक्त थांबावं म्हणून त्यांनी तिला कापसाचा बोळा चावून धरायला दिला. आम्ही बाहेर आलो. बाबा बाकावर बसले होते. ते उठले आणि मला म्हणाले, "काय ठरलं मग तिचं?"

मी आजवर बाबांना उलट उत्तर दिलं नव्हतं.

"तिला विचारा," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आत्याने बोळ्याकडे बोट दाखवलं, थांब म्हणून. बाबा परत बाकावर बसले आणि तिला बोलता येईपर्यंत थांबले.