थांब्याची रेघ

आमच्या स्वेटरच्या कारखान्यात तिला सगळे रफूताई म्हणत. मशीनवर एखादा टाका सुटला की तो खाली खाली उसवत जातो आणि स्वेटरच्या पाठीवर शिडी उभी राहते. ती शिडी खालून एकेक टाका उचलत वरपर्यंत मिटवायची, हे तिचं काम. मिटवलेली जागा नंतर तिची तिलाही सापडत नसे.

तिचं टेबल खिडकीपाशी होतं, सगळ्यांकडे पाठ करून. उजेडासाठी तसं बसणं भाग होतं. पण वर्षानुवर्षं पाठ करून बसलेल्या माणसाशी बोलायची लोकांनाही सवय राहत नाही. डबाही ती तिथेच खाई. सोमवारी सकाळी तिचा आवाज घोगरा असे. कोणाशी बोलायची वेळ आली की आधी खाकरून घेई.

"ताई, दर सोमवारी बरी गं सर्दी होते तुला?" इस्त्रीवालीने एकदा विचारलं.

"सर्दी कसली? शनिवारी संध्याकाळपासून आवाज वापरलाच नाही. गंजतो."

ती हसली, म्हणून इस्त्रीवालीही हसली.

हे सगळं आई गेल्यानंतरचं. त्याआधी आई अंथरुणाला खिळून होती. दिवसा शेजारीण लक्ष ठेवी आणि काही कमीजास्त झालं की फोन करी. फोन वाजला की रफूताई सुई होती तिथे टोचून उठे, उचले आणि "आले" एवढंच म्हणून चप्पल शोधू लागे. आई गेली आणि दिवसा येणारा फोन बंद झाला. फोन खिडकीच्या कट्ट्यावर उताणा ठेवायची सवय मात्र राहिली.

एक धाकटा भाऊ होता, दुसऱ्या शहरात. आई गेली तेव्हा आला आणि निघताना म्हणाला, "ताई, आता या दोन खोल्यांत एकटी काय करणार? ये आमच्याकडे. मुलांच्या खोलीत तुझी सोय करू. हिलाही आधार होईल."

"आधार म्हणजे मुलांना सांभाळायला ना?"

"सरळ अर्थ काढशील तर शपथ!"

"बरं बाबा. पण नोकरी आहे ना रे मला."

एवढं एकच कारण तिच्याजवळ होतं. तिला त्या दोन खोल्या सोडायच्या नव्हत्या. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिथे तिची वाट बघणारं कोणी नव्हतं. पण भावाच्या घरी आपण कोणाच्या तरी जागेत असू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग नवी मशीनं आली. टाका सुटला की ती आपोआप थांबतात आणि लाल दिवा लावतात. शिड्या पडेनाशा झाल्या. रफूचं टेबल हलवायचं ठरलं तेव्हा मालकांनी तिला बोलावलं.

"सॅम्पलचे मास्तर चाललेत. डोळे साथ देत नाहीत त्यांचे. तू शिकतेस? जमलं तर सॅम्पलची खोली तुझी. नाही जमलं तर..." मालक अशी वाक्यं कधी पुरी करत नसत.

सॅम्पल म्हणजे विणलेला नमुना, टॉवेलएवढा तुकडा. ऑर्डर देण्याआधी गिऱ्हाईक तो मागतं. हे सूत विणल्यावर कसं दिसेल, धुतल्यावर किती आकसेल, हे त्यावरून ठरतं आणि मग मोठ्या मशीनवर हजारो नग निघतात. नमुना मात्र अजून जुन्या हातमशीनवरच करतात. लांब पाटीवर सुया ओळीने बसवलेल्या, प्रत्येकीच्या तोंडाशी उघडझाप करणारी इवलीशी जीभ. त्यांच्यावरून एक जड लोखंडी गाडी हाताने इकडून तिकडे न्यायची. गाडी गेली की एक ओळ झाली. विणलेलं खाली उतरत जातं आणि ते ताणून धरायला त्याला वजनं अडकवलेली असतात.

त्या खोलीची आणि आमच्या हिशेब खात्याची भिंत एकच, लाकडी, वर काच लावलेली. मास्तरांच्या गाडीचा आवाज इतका एकसारखा असे की तो ऐकू येतो हे आम्ही विसरलो होतो. रफूताई शिकायला बसली आणि आम्हाला आवाज ऐकू येऊ लागला. गाडी मध्येच अडे, सुया वाकत, सगळी वजनं धाडकन जमिनीवर पडत.

"ढकलू नकोस," मास्तर म्हणत. "गाडी न्यायची असते. म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडून नेतात तशी."

"म्हाताऱ्या माणसाला न्यायची सवय आहे मला."

"मग तशी ने ना! ही काय म्हैस हाकतेयस?"

हात हळूहळू बसला. पण वेगळीच एक अडचण निघाली. टाका सुटला की तिच्या बोटांना राहवत नसे. ओळ पुरी व्हायच्या आत ती सुई घेऊन तो उचलून टाकी, इतका सफाईने की मास्तरांना तुकडा खिडकीशी धरून, डोळ्यांना अगदी भिडवून बघावा लागे.

"हा टाका मशीनने घातला की तू?"

"मी. सुटला होता."

"मग हे सॅम्पल कोणाचं? मशीनचं की तुझ्या बोटांचं? याच्यावरून हजार स्वेटर निघणार. प्रत्येकाच्या मागे सुई घेऊन धावणार आहेस का? उसव."

"दिसत तर नाही ना कुठे."

"तेच वाईट आहे. उसव."

तिच्या उभ्या आयुष्याची कमाई म्हणजे ती सफाई, आणि इथे नेमकी तीच नको होती. ती उसवे आणि पुन्हा बसे.

मास्तरांचा दुसरा नियम थांबण्याचा होता. "पाणी पिऊन घे, मोरीला जाऊन ये, कोणाशी भांडायचं असेल तर भांडून ये. मग गाडीला हात लाव. एकदा लावलास की शेवटच्या ओळीपर्यंत थांबायचं नाही." कारण सोपं होतं. गाडी थांबली तरी वजनं ओढतच राहतात. सुयांवर असलेली ओळ तेवढ्या वेळात ताणली जाते आणि कापडावर आडवी रेघ उमटते. आमच्याकडे तिला थांब्याची रेघ म्हणतात. माणूस क्षणभर शिंकायला थांबला की गप्पा मारायला गेला होता, हे मास्तर रेघेवर बोट फिरवून सांगत.

मास्तरांचा शेवटचा आठवडा आला. एका मोठ्या गिऱ्हाईकाचं सॅम्पल करायचं होतं. बारीक लोकर, साधी वीण, एकच फिकट राखाडी रंग. "नक्षीत चूक लपते," मास्तर म्हणाले. "साध्यात लपायला जागाच नाही. मी हात लावणार नाही. हे तुझंच." गिऱ्हाईकाचा माणूस शनिवारी सकाळी येणार होता. त्याने सॅम्पल घेतलं तर खोली तिची, असं मालकांनी या वेळी वाक्य पुरं करून सांगितलं.

त्याच आठवड्यात भाऊ मागे लागला होता. रविवारी टेम्पो घेऊन येतो, काय ते शुक्रवारपर्यंत सांग. ती म्हणाली, "शुक्रवारी सांगते."

गुरुवारी दुपारी तिने गाडीला हात लावला. त्या दिवशी तिच्या गाडीचा आवाज मास्तरांच्या आवाजासारखाच येत होता, आणि थोड्या वेळाने आम्ही तो विसरलोसुद्धा. मग फोन वाजला.

दिवसा. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

गाडी थांबली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, आणि काचेतून मला दिसलं की ती एका हाताने फोन उचलतेय आणि पायाने टेबलाखाली चप्पल शोधतेय. फोन भावजयीचा होता.

"वन्सं, कामात नाही ना? एक विचारायचं होतं. तुमचं ते लोखंडी कपाट आणणार आहात का?"

"कपाट? अजून काही ठरवलं नाही गं."

"नाही, आणायचं तर आणा हो, तुमचंच घर आहे. पण मुलांच्या खोलीत अभ्यासाचं टेबल आहे ना. टेबल ठेवलं तर कपाट मावत नाही, कपाट ठेवलं तर पोरं अभ्यास कुठे करणार? हे म्हणतात, तूच विचार."

"टेबल राहू दे."

"मग तुमच्या साड्या कुठे ठेवणार?"

ती उभ्या उभ्या ऐकत होती. फोन ठेवायचं तिला सुचलं नाही. आपल्या साड्या कुठे ठेवायच्या, असं कोणी विचारून खूप दिवस झाले होते. वजनं तेवढा वेळ ओढत राहिली.

परत येऊन तिने तुकडा पुरा केला, काढला, उजेडात धरला. मधोमध आडवी रेघ. तरी तिने तो धुऊन टेबलावर सपाट पसरला. याला नमुना झोपवणं म्हणतात. मशीनवर ताणलेलं विणकाम रात्रभर पडून आपल्या मापावर येतं, आणि कधी कधी बारीकसारीक खोट त्यात बुजूनही जाते. शुक्रवारी सकाळी माप बरोबर आलं होतं. रेघ तशीच होती.

मास्तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. तिने रफूची सुई काढली. ताणलेल्या टाक्यातलं जास्तीचं सूत शेजारच्या टाक्यात, तिथलं त्याच्या शेजारच्यात, असं सरकवत गेलं की रेघ पुसली जाते. हे करणारी आमच्याकडे ती एकटीच होती. अर्धी रेघ गेली तेव्हा मालक डोकावले.

"झालं का? अरे वा! छान आहे की."

"इथे रेघ होती. मी सुईने काढतेय."

मालकांनी चष्मा वर करून पाहिलं. "कुठे? इकडे तर काही दिसत नाही. उरलेली काढ आणि देऊन टाकू हेच."

"मशीनचं नाही हे. आज दुसरं करते."

"आज? आणि ते बिघडलं तर? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये माणसाने."

"हे हातात राहिलं तर माझी बोटं गप्प बसणार नाहीत," ती म्हणाली, आणि मालकांच्या देखत तिने वरचा धागा मोकळा करून ओढला. कुरळं झालेलं सूत तिच्या मांडीवर साचत गेलं. मालक मान हलवत निघून गेले.

दुपारी ती पाणी प्यायली, मोरीला जाऊन आली. सुताचा नवा कोन लावला, वजनं अडकवली, गाडीला हात लावला. फोन तिने बंद केला नाही. खणातही ठेवला नाही. नेहमीसारखा कट्ट्यावर उताणा ठेवला.

अर्ध्यावर तो वाजला.

आमच्या खात्यात सगळ्यांनी माना वर केल्या. फोन पुरता वाजून थांबला आणि गाडी त्या आवाजाखाली चालतच राहिली. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. गाडीचा वेग घटला नाही, वाढलाही नाही. मी काचेतून पाहिलं. तिची नजर सुयांवर होती, पण पायांनी चप्पल शोधली होती आणि टाचा उचललेल्या होत्या, अंगाने ती निम्मी उठलेली होती. पळायला निघाले नव्हते ते फक्त हात.

शेवटची ओळ झाली, वजनं उतरवली, मग तिने भावाला फोन लावला. त्याच्याशी काय बोलणं झालं ते तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं.

"अगं होतीस कुठे? किती वेळ लावतोय! टेम्पोवाला खोळंबलाय. काय सांगू त्याला?"

"नको म्हणून सांग."

"म्हणजे? तुझं ते सॅम्पल का काय, पास झालं?"

"उद्या कळेल. झालं नाही तरी नको."

पलीकडे मुलं कशावरून तरी भांडत होती. मग भाऊ म्हणाला, "बरं." तिला वाटलं, आता तो रागावेल, चार शब्द ऐकवेल, पुन्हा विचारेल. तो म्हणाला, "मग टेबल आहे तिथेच राहू दे, असं ही म्हणतेय."

"राहू दे," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी मास्तरांनी झोपवलेल्या तुकड्यावर डोळे मिटून तळवा फिरवला. वरून खाली, खालून वर.

"फोन वाजला होता म्हणे काल."

"वाजला होता."

"कुठल्या ओळीला?"

तिने काही दाखवलं नाही. मास्तरांनी पुन्हा एकदा तळवा फिरवला. "सापडत नाही," ते म्हणाले, आणि मशीन पुसायचं फडकं घडी करून तिच्या हातात दिलं.

गिऱ्हाईकाच्या माणसाने तुकडा एकदा ताणला, सोडला, पिशवीत घातला आणि मालकांकडे चहा मागितला.

सोमवारी मास्तरांची खुर्ची रिकामी होती. रफूताईने आपली उशी आणून तिच्यावर टाकली. इस्त्रीवाली दारातून म्हणाली, "काय मास्तरीणबाई, जमलं म्हणे!" ताईने खाकरून घसा मोकळा केला, पण इस्त्रीवाली तोवर पुढे गेली होती. फोन कट्ट्यावर होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, जरा वाट पाहिली, आणि मग गाडीला हात लावला.