बर्फाची ड्यूटी

बहरीनच्या ऑफिसातले किस्से सांगायला बसलो की बायको आतूनच विचारते, "बीपीची गोळी घेतली का?" तिचं बरोबर आहे. लोकांचे किस्से हसवतात, माझे सांगता सांगता मलाच संताप येतो. आणि ते संपतही नाहीत. एक काढला की मागचे तीन आठवतात.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मनामाच्या हूरा भागात आमची छोटी कंपनी होती. समुद्रातल्या बोटींना आणि बांधकामांना हवामानाचा अंदाज पुरवायचा, एवढाच धंदा. मी नकाशे काढायचो. दापोलीकडचे हमीदभाई गच्चीवरच्या यंत्रांची निरीक्षणं घ्यायचे. आमच्या डोक्यावर एक इंग्रज साहेब होता. नोव्हेंबर संपला की त्याच्या डोक्यात बर्फ पडायला लागायचा.

*

डिसेंबरात गोऱ्या लोकांचे फोन सुरू व्हायचे. यंदा व्हाइट ख्रिसमसचा चान्स किती? बाहेर माणसं हाफ शर्टात फिरतायत आणि यांना बर्फ हवा! पहिल्याच बाईंना मी सरळ सांगितलं, शून्य टक्के.

साहेबाने केबिनमध्ये बोलावून झापलं. गिऱ्हाइकाला शून्य म्हणायचं नसतं म्हणे, "फारच कमी" म्हणायचं, सणाच्या दिवसांत माणसाला आशा लागते. आमचे रजेचे अर्ज मात्र तो एका शब्दात उडवायचा. तिथे त्याला कुणाची आशा दिसायची नाही.

*

आमची सगळी यंत्रं इंग्लंडहून आलेली. त्यांच्यासोबत बर्फाची जाडी मोजायची एक पट्टीही आली होती. ती वर्षानुवर्षं भिंतीवर टांगलेली. एकदा धुळीचं वादळ होऊन गेलं आणि दुसऱ्याच दिवशी साहेबाने तपासणी काढली. पट्टीवर धूळ सापडली! हमीदभाईंना लेखी मेमो मिळाला, उपकरणाची निगा राखली नाही म्हणून.

मी भडकलो. हमीदभाईंनी मेमोची घडी खिशात टाकली, पट्टी घेऊन गच्चीवर गेले आणि तिथली धूळ मोजून आले.

"पाऊण सेंटीमीटर," ते म्हणाले. "पट्टी चालू आहे."

*

अस्करच्या बाजूला एका जेटीचं काम चाललं होतं. तिथला फोरमन रत्नागिरीचा. उद्या स्लॅब टाकू का, असं त्याने विचारलं. मी नकाशा बघून पाऊस लिहिला. साहेबाने तो खोडला, कारण उद्याच क्लबात त्याची गार्डन पार्टी होती.

पाऊस आलाच. स्लॅब धुऊन गेला, हूऱ्यात गुडघाभर पाणी साचलं, आणि साहेबाने जेटीवाल्यांना पत्र धाडलं की नकाशा काढणाऱ्याची चूक झाली. फोरमनने मला फोनवर जे ऐकवलं ते इथे सांगता येणार नाही. त्यातला एक शब्दही साहेबापर्यंत पोचला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

*

आता शेवटचा.

हमीदभाईंच्या मुलीचा निकाह पंचवीस डिसेंबरला ठरला होता. नवरा मुलगा कुवेतला, त्याची रजा तेवढीच, म्हणून तारीख हलणं शक्य नव्हतं. हमीदभाईंची रजा दोन महिने आधी मंजूर झाली होती. एकुलती एक मुलगी. तिच्या जन्मापासून ते इकडेच, दोन वर्षांतून एकदा घरी.

निघायच्या चार दिवस आधी साहेबाने रजा रद्द केली. क्लबातल्या मित्रांना भिंतीवर लावायला अधिकृत कागद हवा होता, ख्रिसमसला बहरीनमध्ये बर्फ पडला की नाही याचा. त्यासाठी दर तासाला गच्चीवरून निरीक्षण घ्यायचं. मी म्हटलं, मी घेतो. तर म्हणे, तू सर्टिफाइड नाहीस. बर्फ पडलेला नाही हे बघायला सर्टिफिकेट लागतं! मी साहेबाशी भांडायला उठलो तर हमीदभाईंनीच हात धरला.

"बस खाली, सावंत. पोरीच्या बापाची नोकरी गेली तर ती सासरी काय सांगेल?"

पंचवीस तारखेला ते निकाहसाठी शिवलेले नवे कपडे घालून ड्यूटीवर आले. सकाळपासून गावचा फोन लागत नव्हता. इथे अकरा वाजले, म्हणजे तिकडे दीड. ते गच्चीवर गेले, बराच वेळ वर राहिले, खाली येऊन रजिस्टर भरलं आणि परत फोन फिरवायला बसले. संध्याकाळी साहेब पार्टीतून घाईघाईत आला, पानावर सही ठोकून फोटोकॉपी घेऊन गेला.

जानेवारीत नकाशे पोचवायला मी त्या क्लबात गेलो. बारच्या भिंतीवर तो कागद फ्रेम करून लावला होता. खाली साहेबाची सही. अकराच्या ओळीत हमीदभाईंच्या सुबक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं:

"आकाश निरभ्र. बर्फ नाही. मुलीचा निकाह आत्ता चालू आहे. निरीक्षक गच्चीवर हजर."