सईनं दिलेली ओ

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माहेरी कुणी 'त्या पिंपळाखालून जाऊ नको' म्हटलं की मी मुद्दाम तिथूनच जायचे. इथे सिंगापुरात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, नवरा अभिजित बँकेत आहे, तोआ पायोह भागात दहाव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. चारचौघांसारखं घर. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यावर हसायचं असेल तर खुशाल हसा, मीही हसले असते.

सई आमची एकुलती एक, पंधरा वर्षांची. तिचं सगळं बोलणं इंग्लिशमध्ये. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इथल्या पद्धतीनं 'कॅन लाह', म्हणजे 'चालेल गं', म्हणून मोकळं व्हायचं! पण एक गोष्ट मी लहानपणापासून घोटून घेतली होती — आईनं हाक मारली की 'व्हॉट' नाही म्हणायचं, ओ द्यायची. "सई!" "ओ, आले!" एवढं मराठी मात्र तिच्या तोंडून अस्सल यायचं.

शाळेचा ॲडव्हेंचर कॅम्प होता, एका बेटावर. कयाक, तंबू, जंगलातून चालणं आणि शिवाय तो उंच खांब... त्यावर चढायचं, टोकावर उभं राहायचं आणि समोर टांगलेल्या दांड्याकडे उडी मारायची. कमरेला दोर असतो म्हणा. सईला उंचीची भयंकर भीती. आमच्या दाराबाहेरच्या उघड्या कॉरिडॉरमध्येसुद्धा भिंतीला चिकटून चालायची. तरी म्हणाली, "धिस टाइम आय विल जम्प, आई. यू सी." मी म्हटलं, "अगं, पंखा पुसायला स्टूलवर चढलीस तर पाय लटपटतात तुझे!" दोघी हसलो. कॅम्पवर फोन न्यायचे नव्हते, म्हणून जाताना घट्ट मिठी मारून गेली.

कॅम्प चालू असताना एक दिवस मी घरूनच काम करत होते. दुपारी चहा टाकला आणि सवयीनं हाक मारली, "सये, चहा घेतेस का गं?"

"ओ, आले!"

तिच्या खोलीतून. स्पष्ट. मी दुसरा कप काढला, चहा गाळला, तिला लागते तशी जास्त साखर घातली आणि मग आठवलं... सई तर बेटावर आहे! खोलीत जाऊन पाहिलं. पंखा बंद, पलंग जसाच्या तसा. भर दुपार, खाली मुलं सायकली फिरवत होती. म्हटलं, भास झाला असेल, दुसरं काय. दोन्ही कप चहा मीच प्यायले.

कॅम्प संपल्यावर तिला आणायला शाळेत गेले. तिची मैत्रीण शी मिन धावतच आली, "आंटी, सई जम्प्ड!" मग जरा थबकली. म्हणाली, सई खांबावर कितीतरी वेळ थिजून उभी होती, खालून सगळे 'कमॉन लाह' ओरडत होते. आणि एकदम तिनं मागच्या झाडीकडे वळून पाहिलं. "शी सेड 'ओ', आंटी. लाइक समबडी कॉल्ड हर." आणि उडी मारली ती दांड्याकडे नाही, झाडीकडे. दोरानं झेललं, साधा ओरखडाही नाही. कधी गं, मी विचारलं... मी हाक मारली तोच दिवस, तीच चहाची वेळ.

तेव्हापासून सई... कसं सांगू? जेवते, अभ्यास करते, मार्क उत्तम. कॉरिडॉरच्या कठड्यावरून ओणवून बिनधास्त खाली बघते. पण 'सई' म्हटलं की मान वळवत नाही. खांद्याला हात लावला की पाहुण्यासारखी बघते आणि "येस?" म्हणते. कान तपासले, डॉक्टर झाले, काउन्सेलर झाली. सगळं नॉर्मल! अभिजित म्हणतो, "वयच तसं आहे, तू उगाच मनाला लावून घेतेस." म्हणू दे. त्याला ते ऐकू येत नाही.

मला येतं. सई माझ्यासमोर बसलेली असते, मी हाक मारते, आणि ओ येते तिच्या रिकाम्या खोलीतून. आधी खणखणीत यायची, आता रडवेली येते. मी धावत जाते, कपाट उघडते, पलंगाखाली बघते... काही नसतं हो, काहीच नसतं. माझी पोर गेली असं वाटतं आणि रडायचीही सोय नाही, कारण ती समोर बसून वरणभात खातेय.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघीच जेवत होतो. मला राहवलं नाही, हळूच म्हटलं, "सये..." आतून ओ आली, अगदी बारीक. समोरच्या मुलीनं ताटातून मान वर केली. शांतपणे म्हणाली, "डोन्ट कॉल हर, आंटी. शी कॅनॉट कम डाउन."

आंटी! मला, तिच्या आईला.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्यापैकी कुणाकडे असेल असंही वाटत नाही. हाक मारणं थांबवलं तर ती जिथे उभी आहे तिथे तिला वाटेल, आई विसरली. मारत राहिले तर ते रडणं ऐकवत नाही. मी रोज मारते. ती रोज 'आले' म्हणते.