भावोजी, नवा कॅमेरा आणि नोकरी गेल्याची आवई

कंपनीत त्यांना सगळे भावोजी म्हणत, कारण कॅमेऱ्यांचे भाव ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं. घरी दोन मेहुण्याही त्यांना भावोजीच म्हणत. त्यामुळे स्वतःचं खरं नाव त्यांना ऐकायला मिळे ते फक्त बँकेत, तेही रांगेत नंबर आला तर.

भाव ठरवणाऱ्या या माणसाला बाजारात भाव करता येत नसे. भाजीवाली सांगेल तो आकडा देऊन वर "परवडतं ना तुम्हाला?" असं तिलाच विचारून ते घरी येत. बायकोने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

ऑफिसात मात्र त्यांचा दबदबा होता. समोरच्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा आकडा बघायचा, त्याहून किंचित खाली यायचं आणि शेवटी नव्याण्णव लावायचे, ही त्यांची सगळी विद्या. मीटिंगमध्ये ते तिला 'अभ्यास' म्हणत. आणि सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला सांगत, की बाबा रे, एवढ्यासाठी पगार मिळतोय हे कुणाच्या लक्षात येण्याआधी निवृत्त हो.

त्या वर्षी ही विद्या कामाला येईना. कंपनीने पाच वर्षं खपून धंदेवाईक फोटोग्राफरांसाठी नवा कॅमेरा काढला होता. बॉडी नवी, तीन लेन्स नव्या, जुनी एकही लेन्स त्याला बसायची नाही. आणि हे सगळं तयार झालं नेमका बाजार आडवा झाला तेव्हा. ऑफिसच्या रस्त्यावर दुकानं बंद होत होती आणि उघडी होती त्यांत मालक एकटेच बसलेले दिसत. मंदीला घाबरून समोरच्या कंपनीने नवीन काही काढलंच नव्हतं. म्हणजे बघून लिहायला शेजारच्याची पाटीच नव्हती.

मीटिंगमध्ये हिशेबखात्याच्या बाईंनी एक आकडा सांगितला. "याच्या खाली आलात तर प्रत्येक कॅमेऱ्यामागे आपणच गिऱ्हाइकाला पैसे देऊ." विक्रीच्या साहेबांनी त्याच्या निम्मा सांगितला. "याच्या वर गेलात तर दुकानदार आपल्याला दारात उभं करणार नाहीत." मग मोठे साहेब वळले. "भावोजी, तुमचं काय मत?"

"अभ्यास करून सांगतो," भावोजी म्हणाले.

"करा. पण बाहेर एक अक्षर जाता कामा नये. घरीसुद्धा नाही."

भावोजींच्या धाकट्या मेहुणीचा नवरा, म्हणजे त्यांचे साडू, फोटोग्राफर होते. एका छापखान्याच्या वर त्यांचा एक खोलीचा स्टुडिओ होता. खालचं मशीन सुरू झालं की वरचे दिवे थरथरत, म्हणून साडू छापखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत फोटो काढत. त्यांचा कॅमेरा भावोजींच्याच कंपनीचा, जुना. पकडीचं रबर निघालेलं, तिथे सायकलच्या हँडलची पट्टी गुंडाळलेली.

भावोजी स्टुलावर बसले आणि शक्य तितक्या सहज म्हणाले, "धंद्यासाठी कॅमेरा घ्यायचा झाला, तर माणसाने कितीपर्यंत जावं?"

साडूंनी पुसायला घेतलेली लेन्स खाली ठेवली. "कुणासाठी?"

"असंच. ओळखीचे एक आहेत."

"वय काय?"

"असतील पन्नाशीचे."

साडू उठले, त्यांनी दार लोटून घेतलं आणि पाण्याचा ग्लास भावोजींच्या हातात दिला. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. सगळीकडेच माणसं काढतायत. पण असा एकदम कॅमेरा घेऊ नका तुम्ही. आधी काम बघा. रविवारी माझ्याबरोबर चला, दिवे धरायला माणूस हवाच आहे."

भावोजींनी तोंड उघडलं आणि मोठ्या साहेबांची ताकीद आठवून मिटलं. शिवाय अभ्यास म्हणून बघितलं तर संधी चांगली होती. ते "बरं" म्हणाले.

रविवारी एका कारखान्यात निवृत्त होणाऱ्यांचा निरोप समारंभ होता. भावोजींनी दिव्याचा दांडा धरला आणि तासाभरात स्वतःची लायकी ओळखली. त्यांची सावली सत्कारमूर्तींच्या तोंडावर पडे. ती चुकवायला सरकले की तेच फोटोत येत. एका कामगाराच्या बायकोने त्यांनाही निवृत्त समजून फूल दिलं. ते त्यांनी मुकाट्याने घेतलं.

शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो घेताना कॅमेरा अडकला. साडूंनी लोकांना एक विनोद सांगितला आणि ते हसत असताना कॅमेऱ्याला खालून चापट मारली. पुन्हा अडकला, पुन्हा विनोद, पुन्हा चापट.

परतताना गाडीत भावोजींनी विचारलं, "नवा का घेत नाही?"

"घेणार ना! चांगल्या वस्तूला पैसे मोजायला मी मागेपुढे बघत नाही." साडूंनी जो आकडा सांगितला तो ऐकून हिशेबाच्या बाई नाचल्या असत्या.

"मग घ्या की."

"यंदा नाही जमायचं."

"आणि निम्म्यात मिळाला तर?"

"तरी यंदा नाही, दादा."

भावोजींनी मनातल्या मनात नोंद केली. हा माणूस कुठल्याही आकड्याला हो म्हणत होता, घ्यायला तेवढा तयार नव्हता.

सोमवारपर्यंत बातमी नातेवाइकांत फिरली. सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, आम्ही आहोत हो." थोरल्या मेहुणीने आपल्या दिरांच्या रंगाच्या गोदामात जागा असल्याचं कळवलं. बायको म्हणाली, "अहो, निदान माझ्यापासून तरी लपवायचं नव्हतं."

"अगं, तसं काही नाही," भावोजी म्हणाले. नोकरी गेलेला माणूस अगदी हेच म्हणतो, हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. मग रोज सकाळी ते डबा घेऊन निघाले की बायको दारात उभी राही. बिचारा अजून ऑफिसला जायचं नाटक करतोय, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसे. डब्यात मात्र त्या महिन्यात रोज काहीतरी गोड असायचं.

पुढच्या मीटिंगला भावोजींनी पहिल्यांदाच अभ्यास हा शब्द वापरला नाही. "मला कळलेलं नाही," ते म्हणाले. "पण स्वस्त केला तरी यंदा लोक घेणार नाहीत, एवढं दिसतंय. ज्यांना घ्यायचाच आहे ते बाईंच्या आकड्यालाही घेतील. तोच ठेवू." दुसरं कुणाकडे काही नव्हतं, म्हणून ते मंजूर झालं. सवयीने भावोजींनी शेवटी नव्याण्णव लावले.

नवा कॅमेरा बेताचाच खपला. कंपनी बुडाली नाही आणि भावोजींना कुणी खांद्यावरही घेतलं नाही. नवा आल्यावर दुकानदारांनी कपाटातले जुने कॅमेरे आपापल्या मर्जीने स्वस्त करून काढले, ते मात्र आठवडाभरात संपले. साडूंनी त्यातलाच एक घेतला. म्हणजे त्या वर्षी लोकांना पटलेला एकमेव भाव भावोजींनी न ठरवलेला होता. ही गोष्ट त्यांनी वरिष्ठांच्या कानावर घातली नाही.

कॅमेरा बाजारात आला तेव्हा घरीही खुलासा झाला. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "म्हणजे नोकरी आहेच का?" त्यांचा आवाज थोडा पडला होता. डब्यातलं गोड बंद झालं.

दोन दिवसांनी साडूंचा फोन आला. "दादा, राग मानू नका. रविवारच्या कामाला दुसरा माणूस बघितलाय. तुमचं आता ठीक आहे, त्याला खरी गरज आहे."

"बरोबर आहे. त्यालाच घ्या," भावोजी म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचं हसूही आलं.

"कोण होतं?" बायकोने आतून विचारलं.

"साडू. कॅमेरा छान चालतोय म्हणत होते."