राजाचे दोन बाण

अमेरिकेतल्या मेरीलँडचा सगळा मुलूख इंग्लंडच्या राजाने लॉर्डसाहेबांच्या घराण्याला दिलेला. साहेब राहायचे इंग्लंडात, इथे त्यांच्या घरातलंच कुणीतरी गव्हर्नर. एवढ्या मुलखाबद्दल खंड म्हणून दरवर्षी ईस्टरला राजाच्या किल्ल्यात काय पोचवायचं, तर इथल्या मूळ लोकांच्या हातचे दोन बाण! ते आणायचं काम गिल्बर्ट पेडलीचं.

पेडली एकोणिसाव्या वर्षी जहाजातून उतरला. जहाजभाड्यापोटी पाच वर्षं दुसऱ्याच्या तंबाखूच्या शेतात राबला. सुटला तेव्हा हाती एक कुऱ्हाड, एक कुदळ आणि अंगावर नवे कपडे. लग्न केलं, तर दुसऱ्याच उन्हाळ्यात तापाने बायकोला, हेस्टरला, नेलं. मग तो गव्हर्नरच्या कचेरीत निरोप्या झाला. "हे नेऊन दे" आणि "उशीर का झाला?" याखेरीज त्याच्याशी कुणी बोलत नसे.

डिसेंबरात मात्र तो होडीने दोन दिवस नदी चढून पिस्काटवे या मूळ लोकांच्या वस्तीवर जायचा. तिथला म्हातारा इग्नेशियस बाण करून ठेवायचा. हे नाव पाद्र्यांनी दिलेलं. खरं नाव तो सांगत नसे.

"काय रे गिल्बर्ट्या, गेल्या वर्षीचे हरवले का?" होडी काठाला लागायच्या आत तो ओरडायचा. "राजा आहे का पोर? दरवर्षी हरवतो!"

मग मक्याची भाकरी, भाजलेली कालवं, आणि पेडलीने आणलेली सफरचंदाची दारू. म्हातारा टर्कीची पिसं दाखवायचा. "दोन्ही एकाच पंखाची हवीत. एक डावं, एक उजवं लावलंस तर बाण वेडावाकडा जातो, तुझ्यासारखा."

वर्षातून तेवढ्या एका मुक्कामात पेडली पोट धरून हसायचा.

बाराव्या वर्षी काठावरून कुणी ओरडलं नाही. झोपड्यांवर घातलेली झाडांची साल काढून नेलेली, चुली गार. तंबाखूवाल्यांची डुकरं दरसाल वस्तीचा मका खायची. शेवटी माणसंच उत्तरेला निघून गेली होती. पेडली चुलीपाशी बसला आणि ढसाढसा रडला.

कचेरीत त्याने सांगितलं, "कारकूनसाहेब, म्हातारा गेला. सगळी वस्तीच उठली."

"मग तू बनव! त्यांच्यासारखे दिसले म्हणजे झालं. जहाज सुटायला आलंय."

त्याने बनवले. पिसं मात्र मुद्दाम एक डावं, एक उजवं लावलं. राजाच्या किल्ल्यात बाणांतलं कळणारं कुणीतरी असेलच. तो विचारील, हे कुणी केले? नेहमीचा माणूस कुठे गेला? कुणीतरी एकदा तरी विचारायला हवं होतं. सगळा उन्हाळा पेडली प्रत्येक जहाजाला धक्क्यावर उभा राहिला.

सप्टेंबरात पावती आली. कारकुनाने वाचून दाखवली : "दोन बाण, नेहमीसारखे, मिळाले."

"आणखी काही?"

"आणखी काय असणार?"

डिसेंबरात पेडली पुन्हा नदी चढला. त्याला कुणी पाठवलं नव्हतं. बाण काय, घरीही झाले असते. पडक्या झोपडीपाशी बसून त्याने दोन बाण केले, पिसं एकाच पंखाची, नीट बघून. भाकरीचे दोन वाटे केले, एक चुलीवर ठेवला. होडीत पाय टाकताना तो मागे वळला आणि मोठ्याने म्हणाला,

"हो रे बाबा, हरवले!"